झऱ्याच्या पाण्यात, एका दमात

हवेची टाकी न घेता, श्वास रोखून झऱ्यात डुबकी मारायची. पाणी इतकं नितळ की हात घातला तर तळ लागेल. लागत नाही. मास्कच्या काचेतून पाहिलं की पाण्यातली वस्तू पाव अंतराने जवळ भासते. तीन मीटरवर वाटणारा खडक खरं तर चार मीटरवर असतो.

डोळ्यांसारखीच फसगत वजनाची. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. म्हणून सामानासह ८० किलो भरणाऱ्या माणसाला झऱ्यात वेटबेल्टवर, म्हणजे शिशाची वजनं लावलेल्या कमरपट्ट्यावर, समुद्रापेक्षा साधारण २ किलो शिसं कमी लागतं. समुद्रातला पट्टा तसाच बांधला, तर दमून वर आलेला माणूस तरंगायच्या ऐवजी पुन्हा खाली जाऊ लागतो. वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख, घालूनच पारख करा: पाण्यात उभे राहा, पाय हलवू नका, सहज श्वास सोडा. हनुवटी बुडाली तर शिसं उतरवा.

सूट हवाच. फ्लोरिडातल्या चुनखडीच्या झऱ्यांचं पाणी बारा महिने २२ अंशांच्या आसपास असतं, आणि कुडकुडणारं शरीर ऑक्सिजन भराभर संपवतं.

डोकं खाली गेलं की लगेच नाक चिमटीत धरून कान मोकळे करा. दुखायची वाट पाहू नका. पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. कान मोकळा झाला नाही, तर वर या. मास्क चेहऱ्याला ओढू लागला, तर नाकातून थोडी हवा सोडा.

जिथून पाणी उसळतं, त्या कपारीत शिरायचं नाही. वर छत आलं की सरळ वर येण्याची वाट बंद झाली. फिनच्या, म्हणजे पायातल्या वल्ह्याच्या, एका फटक्याने गाळ उठला, तर ज्या तोंडातून आत आलो तेही दिसत नाही.

सगळ्यात घातक सवय डुबकीआधी जोरजोरात श्वास घेण्याची. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो, आणि श्वास घ्यायची तडफड त्याच्यामुळेच होते. ती उशिरा जागते. वर येताना दाब उतरतो, फुप्फुसातला ऑक्सिजन रक्तात जाईनासा होतो, आणि पृष्ठभाग हाताशी असताना शुद्ध हरपते. कसलीही चाहूल न देता.

म्हणून एक खाली, एक वर. स्नॉर्कल, म्हणजे पृष्ठभागावर श्वास घ्यायची नळी, डुबकीआधीच तोंडातून काढा. शुद्ध गेली तर नळीतून पाणी आत येतं. जोडीदार वर आला तरी नजर हटवू नका. तो श्वास घेऊ लागल्यावरही ३० सेकंद त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहा. पुढची डुबकी, आधीच्या डुबकीच्या निदान दुप्पट वेळ विसावा घेतल्यावरच.