तेलाआधी फडके: गिटारच्या तारा, फ्रेटबोर्ड आणि नेक यांची निगा

(कोल्हापुरात गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

नमस्कार. आजचा विषय तारा, फ्रेटबोर्ड (बोटे ज्यावर दाबतात ती लाकडी पट्टी) आणि नेक (ती पट्टी ज्यावर बसवलेली असते तो गिटारचा लांब दांडा) या तिन्हींची स्वच्छता असा जाहीर झाला आहे आणि त्या तिन्हींबद्दल मी बोलणारच आहे. पण इतकी वर्षे गिटारदुरुस्तीचे काम करताना मनात साचत गेलेली एक गोष्ट आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. आपण कोल्हापूरकर तेलावर फार विश्वास ठेवतो. तालमीच्या तांबड्या मातीत आपण हळद आणि ताकाबरोबर तेल मिसळतो, कोल्हापुरी चप्पल कडक झाली की तिला तेल पाजतो, आणि ही दोन्ही कामे योग्यच आहेत. त्याच विश्वासाने आता गिटारच्या लाकडालाही तेल पाजले जाते. माझ्याकडे येणाऱ्या गिटारींमध्ये कोरड्या पडून बिघडलेल्या थोड्या असतात. तेलाने चिकटलेल्या मात्र सतत येत राहतात.

या सवयीचे दुसरे मूळ सतारीत असावे असे मला वाटते. मिरज येथून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात गिटारच्या आधी सतार आली. सतारिये मींड घेताना, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना, बोट सहज सरकावे म्हणून बोटाला खोबरेल तेलाचा पुसट हात लावतात, हे आपण पाहिलेले असते. परंतु ते तेल बोटासाठी असते, लाकडासाठी नव्हे. शिवाय सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. ते सरकवता येतात, सोडून स्वच्छ करता येतात. गिटारचे फ्रेट, म्हणजे धातूचे आडवे पडदे, लाकडात खाचा पाडून ठोकून बसवलेले असतात, त्यामुळे त्यांच्या दोन्ही कडांना जो मळ धरतो तो तेथेच राहतो, आणि तेल त्या मळाला हलवत नाही, घट्ट धरून ठेवते.

हे मी स्वतःच्या गिटारवर शिकले. उमेदीच्या काळात, एका कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, मी माझी गिटार शहरातील एका दुकानात साफसफाईसाठी दिली. दुकानाचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण त्या कारागिराचा हेतू चांगलाच होता. त्याला सुतारकाम येत होते, म्हणून सुतार लाकडाला जे उकळलेले जवसाचे तेल लावतात तेच त्याने तारा न काढता फ्रेटबोर्डावर सढळ हाताने चोळले. घरी आणल्यावर लाकूड काळेभोर, चमकदार दिसले आणि आईनेसुद्धा कौतुक केले. दोन दिवसांनी बोटे चिकटू लागली. जवसाचे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेऊन त्याचा पापुद्रा बनतो. पातळ थर पुसून घेतला तर ते उत्तम काम करते, पण जाड थर, त्यात आषाढातली आपली दमट हवा, म्हणजे ते ना ओले राहिले ना वाळले. गुंडाळीच्या तारांच्या वेढ्यांत तेच तेल शिरले होते आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या तारेचा आवाज लाकडी पाटावर थाप मारावी तसा येत होता. कार्यक्रम मी दुसऱ्याच्या गिटारवर केला आणि त्यानंतरच्या तीन संध्याकाळी खिडक्या उघड्या ठेवून, लायटरमध्ये भरतात त्या नाफ्थ्यात भिजवलेल्या फडक्याने एकेक फ्रेटमधली जागा पुसत बसले. वितळलेला तेलकट थर मी एका जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडून काढला. नाफ्था झटकन पेट घेतो, त्यामुळे जवळपास देव्हाऱ्यातली समईसुद्धा असू नये. जवसाच्या तेलाचे बोळे तर कधीही गोळा करून टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात, पसरून वाळवा.

आता तारांकडे येते. आज येथे येण्यापूर्वी वाजवून झाल्यावर तारा पुसल्या असतील त्यांनी हात वर करावा, असे मी सुरुवातीला म्हटले तेव्हा तीन हात वर आले. त्या तिघांचे मी मनापासून अभिनंदन करते. अकूस्टिक गिटारच्या खालच्या दोन तारा साध्या पोलादाच्या असतात, वरच्या चारांवर बहुधा ब्राँझची गुंडाळी असते: एका प्रकारात ८० टक्के तांबे आणि २० टक्के जस्त, दुसऱ्या फॉस्फर ब्राँझच्या प्रकारात सुमारे ९२ टक्के तांबे आणि बाकी कथील. आपल्या घामातील मीठ आणि आम्ल यांच्यामुळे पोलाद गंजते आणि तांबे काळवंडते. देव्हाऱ्यातले तांब्याचे ताम्हन चिंचेने घासणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाचे असे की वेढ्यांत बसलेली त्वचेची धूळ आणि मळ तारेवर सर्वत्र सारख्या प्रमाणात बसत नाही. तारेचे वजन ठिकठिकाणी बदलले की तिचे उपस्वर जुळत नाहीत, आणि मोकळी तार सुरात असूनही बाराव्या फ्रेटवर ती बेसूर बोलते. विद्यार्थी मग खुंट्या पिळत बसतात. दोष खुंटीत नसतो.

उपाय एका मिनिटाचा आहे. जुन्या सुती लुगड्याचा किंवा धुऊन मऊ झालेल्या पंच्याचा तुकडा घ्या, प्रत्येक तारेभोवती चिमटीत धरा आणि नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (गिटारच्या पोटावर तारा जेथे अडकवतात तो भाग) ओढा. तारेची खालची बाजू याच वेळी पुसली जाते. फ्रेटला तीच लागते आणि मळही तेथेच धरतो. वाजवण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत, भजी खाऊन तर गिटार उचलूच नये. नायलॉनच्या तारा गंजत नाहीत, तरी त्यांच्या खर्जाच्या तारांवर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी असते, तिला हेच फडके हलक्या हाताने लावावे.

आयोजकांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, त्यामुळे फ्रेटबोर्ड आणि नेक यांविषयी मला आता भरभर बोलावे लागेल.

फ्रेटबोर्ड शिसवीचा किंवा एबनीचा असेल तर तो सहसा उघडा असतो. मेपलचा असेल तर त्यावर बहुधा लॅकर, म्हणजे वार्निशसारखा कडक थर, असते आणि त्याला तेल लावण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या सह्याद्रीत वाढणारी शिसव जगभरच्या गिटारींवर आहे, ती मुळातच तेलकट आणि टिकाऊ आहे. वर्षातून एकदा किंवा दोनदा, तारा बदलताना, आधी मळ काढावा, मग गिटारसाठी मिळणाऱ्या खनिज तेलाचे चार-पाच थेंब फडक्यावर घेऊन पुसटसे लावावेत आणि पाच मिनिटांनी सगळे पुसून घ्यावे. बाजारात लिंबाचे तेल म्हणून मिळते तेही बहुतेक वेळा सुगंधी खनिज तेलच असते. खोबरेल आणि मोहरीचे तेल नको, ती कालांतराने खवट किंवा चिकट होतात. तेल लाकडाला पाणी देत नाही, ते ओलाव्याची ये-जा थोडी मंदावते एवढेच. म्हणून जून ते सप्टेंबर तेलाची बाटली बंद ठेवा आणि गिटारच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे गिटारला सर्वांत मानवते. एप्रिल-मेमध्ये नेकच्या कडेला फ्रेटची टोके बोटांना टोचू लागली तर लाकूड सुकून आक्रसले आहे असे समजावे.

फ्रेट चमकवण्यासाठी चार शून्यांची बारीक स्टील वूल चालते, पण इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे चुंबकी भाग, आधी कागदी चिकटपट्टीने झाका, नाहीतर लोखंडाचा बारीक भुगा त्यांच्या चुंबकाला जाऊन चिकटतो.

नेकच्या मागच्या बाजूला तेल कधीच लागत नाही, अपवाद फक्त तेलानेच फिनिश केलेल्या नेकचा. चकचकीत लॅकरवर तोंडाची वाफ सोडून फडके फिरवले की पुरते. मंद फिनिशच्या नेकवर पॉलिश घासू नका, तो भाग कायमचा चकाकतो. शेलॅकचे (लाखेचे) किंवा नायट्रोचे (नायट्रोसेल्युलोज लॅकरचे) फिनिश असलेल्या गिटारच्या आसपास स्पिरिट आणू नका, ते फिनिश विरघळवते किंवा खराब करते.

ज्यांनी गिटारी आणल्या आहेत त्यांनी दाराजवळच्या टेबलाकडे यावे. फडकी मी आणली आहेत, आईच्या जुन्या लुगड्याची. प्रत्येकाने एक घ्यावे आणि पहिली तार माझ्यासमोरच पुसावी.