समासातले पंडित

श्रोतेहो, नमस्कार.

एक पंडित तावातावाने सांगत होता, ही गोष्ट निव्वळ थाप आहे, हिच्यावर कोण विश्वास ठेवणार? समोरच्यांनी मुकाट्याने एक पुस्तक आणून पुढ्यात ठेवलं. तीच गोष्ट त्यात होती, आणि पुस्तक लिहिलं होतं खुद्द या पंडितानेच!

हा दिदिमस. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा व्याकरणकार. किस्सा सांगितलाय रोमच्या क्विंटिलियन या वक्तृत्वशिक्षकाने. दिदिमसच्या पुस्तकांचा आकडा कुणी 3500 देतं, रोमन तत्त्वज्ञ सेनेका तर 4000 म्हणतो. पुस्तक म्हणजे पपायरसची एक गुंडाळी, हे खरं. तरी चाळीस वर्षं लिहिलं असं धरलं, तर चार दिवसाला एक गुंडाळी होते! लोक त्याला 'ब्राँझच्या आतड्यांचा' म्हणत, म्हणजे न थकणारा. दुसरं टोपणनाव होतं 'पुस्तकविसऱ्या'.

आणि आज? जवळजवळ सगळं गेलं. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनिस याच्या भाषणांवरच्या त्याच्या टीकेचा काही भाग एका पपायरसवर सापडला, तो 1904 साली बर्लिनमधून छापून आला.

ग्रीक महाकवी होमरच्या काव्यावरही त्याने काम केलं होतं. मग ते आपल्याला कळतं कसं? व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयात होमरच्या 'इलियड' महाकाव्याची दहाव्या शतकातली एक पोथी आहे. मध्ये मूळ काव्य, आणि समासात मुंगीच्या पावलांनी लिहिलेल्या टिपा. बहुतेक सर्गांच्या शेवटी लेखनिकाने प्रामाणिकपणे नोंद केली आहे, की या टिपा आरिस्तोनिकस, दिदिमस, हेरोदियन आणि निकानोर यांच्या ग्रंथांतून घेतल्या. चौघांचेही ते ग्रंथ हरवले आहेत.

गंमत म्हणजे दिदिमस स्वतःसुद्धा शोधाशोधच करत होता. त्याच्या आधी शंभरेक वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्याच आरिस्तार्कस या पंडिताने होमरची संहिता तपासली होती. त्याने नेमका कोणता पाठ धरला, यावरच मागाहून वाद पडले होते, आणि दिदिमस ते निस्तरत बसला.

आरिस्तार्कसची एक गोष्ट मला फार आवडते. एखादी ओळ होमरची नाही असं वाटलं, तरी तो ती खोडत नसे. डावीकडे नुसती एक आडवी रेघ मारायची. पुढच्याने काय ते ठरवावं.

व्हेनिसच्या त्या पोथीची छायाचित्रं आता इंटरनेटवर आहेत. ग्रीक येत नसलं तरी चालेल. ओळींच्या डाव्या बाजूला नजर फिरवा, त्या रेघा अजून दिसतात.