इट्स माय लाइफ : स्टॉकहोमच्या डान्स फ्लोअरवरचा एक हट्टी आवाज

मंडळी, आजचा विषय एक गाणं आहे. 1992 साली स्वीडनमध्ये निघालेलं डॉ. अल्बान यांचं ‘इट्स माय लाइफ’. युरोडान्सचं, म्हणजे त्या काळच्या युरोपातल्या क्लबांत वाजणाऱ्या नाचाच्या संगीताचं, नाव काढलं की संगीत मन लावून ऐकणारी माणसं नाक मुरडतात. तोच ठेका, सिंथेसायझरची एखादी ओळ, नाचा आणि विसरा, असा एकूण समज. निदान या गाण्याबाबत तो मला मुळीच मान्य नाही. परक्या देशात येऊन राहिलेल्या एका माणसानं, तिथे परक्यांना फार अवघड गेलेल्या काळात, आपल्या स्वतःच्या उच्चारात म्हटलेलं हे गाणं आहे. ते तसं ऐकलं जावं, यासाठी मी आज बोलतोय.

अल्बान उझोमा न्वापा हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म 1957चा, नायजेरियातल्या ओगुटा इथला. विशीत दंतवैद्यक शिकायला ते स्वीडनला गेले. म्हणजे नावातला ‘डॉक्टर’ शिक्षणातून आलेला आहे. शिकता शिकता खर्च भागवायला स्टॉकहोमच्या ‘अल्फाबेट स्ट्रीट’ या क्लबात डीजे म्हणून काम करू लागले. रेकॉर्ड लावायची आणि तिच्यावर माइक हातात घेऊन बोलायचं, गायचं, ही त्यांची पद्धत.

ही पद्धत कुठून आली, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण अल्बान यांना ‘रॅपर’ म्हणून मोकळं झालं की हा भाग हातचा सुटतो. किंग्स्टनमध्ये, म्हणजे जमैकात, साउंड सिस्टिमवाले मोठमोठे स्पीकर रस्त्यात लावत आणि डीजे चालत्या रेकॉर्डवर तालात बोलत. याला टोस्टिंग म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये रॅप उभा राहिला, त्याच्या आधीपासून हे चालत आलेलं आहे. न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागात ज्यांच्या पार्ट्यांतून हिप-हॉपची सुरुवात मानतात ते कूल हर्क मूळचे जमैकाचेच. अल्बान यांच्या बोलण्यातला हेल किंग्स्टनच्या वळणाचा आहे, आणि त्याखाली नायजेरियन इंग्रजी पक्कं बसलेलं आहे. शब्दांवरचे आघात ऐका, ताबडतोब कळेल.

1990च्या सुमारास त्यांची गाठ पडली डेनिझ पॉप यांच्याशी. खरं नाव डाग वोले. स्टॉकहोमच्या डीजे मंडळींनी ‘स्वेमिक्स’ नावाचा गट काढला होता, त्यातले हे एक. स्वीडनच्या पॉपचं यश सांगताना तिथल्या सरकारी संगीतशाळांचा हवाला नेहमी दिला जातो. पण हा माणूस डीजे होता, वाद्य वाजवणारा नव्हता. लोक कुठे नाचायला उठतात आणि कुठे बसतात, हे बघून त्यांचा कान तयार झाला होता. दोघांनी 1990मध्ये ‘हॅलो आफ्रिका’ काढलं. त्यात लैला के. यांचाही रॅप आहे. गोथेनबर्गमध्ये मोरोक्कन घरात जन्मलेली ही मुलगी त्याआधीच, 1989मध्ये, ‘गॉट टू गेट’ घेऊन ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचली होती. स्वीडनचा रॅप जगात नेणाऱ्या सुरुवातीच्या आवाजांतले दोन हे असे: एक मोरोक्कन घरातली मुलगी आणि एक नायजेरियन दंतवैद्य. माझ्या दृष्टीनं ही साधी गोष्ट नाही.

आता प्रत्यक्ष गाणं. पायाला आहे सरळ चारचा ठेका, दर मात्रेला किक ड्रम. वर सिंथेसायझरची छोटी, टोचणारी ओळ, आणि मध्ये भरपूर मोकळी जागा. ती जागा डेनिझ पॉप यांनी जाणून ठेवलेली आहे, आवाजासाठी. अल्बान येतात ते भांडतच. समोर एक सर्वज्ञ वडीलधारा आहे असं धरून ते त्याला थांबवतात: छळू नकोस, त्रास देऊ नकोस, जबरदस्ती करू नकोस, ओरडू नकोस. ओळीमागून ओळ एकाच शब्दानं सुरू होते, आणि मध्येच ते विचारतात, कळतंय ना? काही ओळींचं इंग्रजी शाळेच्या व्याकरणात बसत नाही. स्टुडिओत कुणी ते दुरुस्त केलं नाही, उच्चार घासूनपुसून गोरे केले नाहीत. निर्माता म्हणून डेनिझ पॉप यांचा मोठेपणा मला इथे दिसतो.

कारण त्या काळी या संगीतात काय चाललं होतं बघा. 1989च्या ‘पंप अप द जॅम’मध्ये आवाज ‘या किड के’ या गायिकेचा, आणि कव्हरवर आणि व्हिडिओत दिसते एक मॉडेल. ब्लॅक बॉक्स या गटाच्या ‘राइड ऑन टाइम’मध्ये तेच, तिथे तर लोलिएटा हॉलोवे यांच्या जुन्या गाण्यातला आवाज उचललेला आणि पडद्यावर दुसरीच बाई ओठ हलवतेय. कृष्णवर्णीय स्त्रियांचा गळा हवा, पण त्यांचं नाव नको, चेहरा नको. हे अन्यायाचं होतं, आणि तेव्हा ते राजरोस चालत होतं. ‘इट्स माय लाइफ’मध्ये गळा, चेहरा आणि नाव एकाच माणसाचं आहे.

आणि ते वर्ष कोणतं! ऑगस्ट 1991 ते जानेवारी 1992 या काळात स्टॉकहोम आणि उप्साला इथे एक माणूस बंदूक घेऊन परदेशी दिसणाऱ्यांना टिपत होता. स्वीडिश वर्तमानपत्रांनी त्याला ‘लेझरमॅन’ म्हटलं. अकरा जणांना गोळ्या लागल्या, त्यांतला इराणहून आलेला एक विद्यार्थी दगावला. हल्लेखोर पकडला गेला जून 1992मध्ये. मधल्या काळात, सप्टेंबर 1991च्या निवडणुकीत, स्थलांतराला विरोध करणारा ‘नवी लोकशाही’ नावाचा नवा पक्ष संसदेत जाऊन बसला होता. काळ्या केसांची, सावळ्या कातडीची माणसं संध्याकाळी घराबाहेर पडायला घाबरत होती. गाण्यात यातलं काहीही नाही आणि ते यावरच लिहिलंय असा दावा मी करणार नाही. पण त्या शहरात, त्या वर्षी, एका आफ्रिकन माणसानं ‘मी कसं जगायचं हे तू सांगू नकोस’ असं चढ्या आवाजात म्हणावं, आणि सगळ्या स्वीडननं त्यावर नाचावं, याला अर्थ आहे. गाणं स्वीडनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जर्मनीत, ऑस्ट्रियात, नेदरलँड्समध्येही.

ब्रिटनमध्ये ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. तिथे त्याला हात दिला टॅम्पॅक्सच्या, म्हणजे पाळीच्या दिवसांत बायका वापरतात त्या टॅम्पॉनच्या, जाहिरातीनं. काही जण याच कारणानं गाण्याला कमी लेखतात. मला त्यात कमीपणा दिसत नाही. ‘माझ्या आयुष्यात लुडबुड नको’ हे बायकांनी आपलं म्हणून घेतलं तर गाणं आणखी दूर पोचलं, एवढंच. आपल्याकडे 1991नंतर स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरोघरी केबलवर आला, तेव्हा या नव्या युरोपीय नाचगाण्यांची ओळख आपल्याला झाली.

डेनिझ पॉप 1998मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगानं गेले. त्यांनी उभ्या केलेल्या शेरॉन स्टुडिओतून बॅकस्ट्रीट बॉइज आणि ब्रिटनी स्पिअर्स यांची गाणी जगभर गेली. त्यांचे शिष्य, गीतकार-निर्माते मॅक्स मार्टिन यांचं नाव आज पॉपच्या जगात सगळ्यांना माहीत आहे. स्वीडिश पॉपची हकिगत सांगणारे बहुतेक जण सत्तरच्या दशकातल्या ‘आबा’ (ABBA) या गटावरून उडी मारतात ते थेट नव्वदच्या दशकातला ‘एस ऑफ बेस’ हा गट आणि मॅक्स मार्टिन यांच्यावर. मध्ये अल्बान आणि लैला के. यांना एखादं वाक्य मिळालं तर मिळालं. ही गाळलेली जागा भरली पाहिजे. अल्बान यांनी पुढेही काम सोडलं नाही, 2014मध्ये वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते मेलोडीफेस्टिवालेन या स्वीडनच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरले होते. आता आपण ‘हॅलो आफ्रिका’ आणि ‘इट्स माय लाइफ’ ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकू, आणि मग प्रश्न घेऊ.