नंतर सांगते

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा जड आहे, चहा हातात असेल तर आधी तो संपवा.

माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर, मोठा दादाही कर्णबधिर, घरात ऐकू येणारी मी एकटीच. त्यामुळे रेडिओवरून हे बोलायचं म्हणजे गंमतच आहे, ज्यांच्याबद्दल बोलतेय त्यांना यातलं एक अक्षर ऐकू येणार नाही. पण मला बोलायचंय ते तुमच्याशीच, कारण मयताच्या वेळी घोळ घालतो तो आपण ऐकू येणारी माणसं.

बाबा गेले तेव्हा स्मशानात मी नव्हते. आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत असं आत्याने सांगितलं, दोन काकांनी मान डोलावली, आणि दादाशी धड बोलू शकणारी एकुलती एक व्यक्ती, म्हणजे मी, घरी बसले. पुढचं सगळं मला दादाने रात्री स्वयंपाकघरात दिवा लावून सांगितलं.

तुम्ही पाहिलं असेल, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेभोवती तीन फेऱ्या मारायच्या असतात, मागून एक जण दगडाने मडक्याला भोक पाडत येतो, पाण्याची धार लागते, आणि तिसऱ्या फेरीनंतर मडकं मागच्या मागे टाकायचं, वळून बघायचं नाही. आता विचार करा, ज्याला ऐकू येत नाही तो कशाने ऐकतो? डोळ्यांनी. आणि बोलतो कशाने? हाताने. दादाचे दोन्ही हात मडक्याला, गुरुजी पाठीमागे, आणि सगळ्या सूचना पाठीमागून. म्हणजे कान नाहीत, डोळे समोर बांधलेले आणि तोंडही बंद. तीन फेऱ्या झाल्या हे त्याला कुणी सांगितलंच नाही, तो चौथी मारायला निघाला, कुणीतरी खांदा धरला, साहजिकच तो वळला, आणि वळल्यावर त्याला काय दिसलं तर पंधरावीस माणसं त्याच्याकडे बघून हात हलवतायत, तोंडं उघडतायत. सगळे ओरडत होते, मागे बघू नको, मागे बघू नको. त्याला वाटलं आपल्या हातून काहीतरी भयंकर पाप घडलं. पुढे कित्येक महिने वाटत होतं.

त्यानंतरचं तर अजूनच. मडकं फुटलं की बोंब मारायची असते ना, पालथा हात तोंडावर मारून. धाकट्या काकांनी प्रेमानेच त्याला करून दाखवलं, स्वतःच्या तोंडावर हात आपटून. दादाने त्याचा अर्थ घेतला, गप्प बस. का नाही घेणार? लहानपणापासून त्याला हेच करून दाखवलंय सगळ्यांनी, बसमध्ये, लग्नात, पाहुण्यांसमोर, तोंडावर हात ठेवून, आवाज करू नको, कारण त्याचा आवाज इतरांना विचित्र वाटतो. आयुष्यभर ज्याला आवाज दाबायला शिकवलं त्यालाच आता मोठ्याने ओरड म्हणत होते. शेवटी त्याला कळलं तेव्हा तो असा ओरडला की लोक दचकले. तो मला म्हणाला, म्हणजे हाताने म्हणाला, सगळे दचकले ते मला दिसलं, पण आवाज मीच केला ना, मग चूक काय झाली ते कळेना.

आणि मग लोक थांबले. लाकडांवर होते बाबा, कवटी फुटल्याचा आवाज येईपर्यंत थांबायची पद्धत आहे. दादाला हे माहीत नव्हतं. तो ज्वाळांकडे बघत उभा, आणि अचानक सगळे वळून चालायला लागले. काय झालं म्हणून त्याने काकांना विचारलं. काकांनी हाताने दाखवलं, चल, नंतर सांगतो.

ही "नंतर सांगतो"ची खूण आमच्या घरातल्या तिघांनीही जन्मभर बघितली. जेवताना सगळे हसतात, का हसले विचारलं की नंतर सांगते. फोन येतो, आईचा चेहरा पांढराफटक पडतो कारण माझा पडलेला दिसतो, कुणाचा फोन, नंतर सांगते. मी पण म्हटलंय, हजार वेळा. नंतर सांगताना मग अर्ध्या तासाच्या बोलण्याचं एक वाक्य होतं, तेही आठवलं तर. जेवणाच्या गप्पांत चालून जात असेल, चितेसमोर कुठलं आलंय नंतर?

आता दादाचा दोष काय म्हणाल तर काहीच नाही, आणि खरं सांगायचं तर काकांचाही फार नाही. कुणी आधी बसून विचारच केला नव्हता. परदेशात मयत आणि अंत्यविधी यात कधी कधी आठवडा जातो, तेवढ्या वेळात इंटरप्रिटर शोधता येतो. आपल्याकडे सकाळी गेलं माणूस तर दुपारी चारला चंदनवाडी किंवा शिवाजी पार्कचं स्मशान. या पाचसहा तासांत तुम्ही डॉक्टरचं सर्टिफिकेट आणणार, तिरडीचं सामान आणणार, शववाहिनी बोलावणार, साईन लँग्वेजवाला माणूस कुठून काढणार? म्हणून हे जिवंतपणी ठरवायला लागतं. अभद्र बोलू नकोस असं आत्या म्हणालीच होती मला. पण आई म्हणाली, बोलू दे. बाबांच्या वेळचं तिने बघितलं होतं.

आईने काय केलं, एका रविवारी मला आणि दादाला समोर बसवलं आणि वहीत लिहून घ्यायला लावलं. पहिली गोष्ट, माझ्या मुलीने त्या दिवशी दुभाषी व्हायचं नाही, तिने रडायचं. हे ऐकून तुम्हाला काय वाटतं माहीत नाही, मला तेव्हा राग आला होता. पण बाबा गेले त्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरांनी आईसमोर मला सांगितलं, आईकडे बघितलंही नाही, आणि मी वळून माझ्याच आईला माझ्याच हातांनी ते सांगितलं. नंतर पोलिसपाटील असल्यासारखी दिवसभर भाषांतर करत फिरले, कोण आलंय, काय म्हणतायत, चहा सांगू का. तेराव्यापर्यंत मला रडू आलं नाही. आईला ते दिसलं होतं.

तर बाहेरचा इंटरप्रिटर हवा. मुंबईत मिळतात, वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था १९८३पासून आहे, तिथे या कामाचे कोर्स चालतात, पण आहेत ते थोडे आणि २०११च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेले लोक ५० लाखांच्या वर. त्यामुळे एक नाही, तीन नंबर लिहून ठेवा. रात्री फोन केला तर येणार का, मयताला यायची तयारी आहे का, पैसे किती, टॅक्सीचे वेगळे का, हे आधीच विचारा, लाजू नका, गुरुजींची दक्षिणा विचारतोच ना आपण. आणि घरात खूप म्हातारं, शाळेत न गेलेलं, स्वतःच्याच खुणांनी बोलणारं माणूस असेल तर एखादा अनुभवी डेफ मित्रसुद्धा बरोबर घ्या, इंटरप्रिटरची साईन तो त्यांच्या खुणांत उतरवतो. दोन टप्प्यांचं काम होतं पण पोचतं.

दुसरं, निरोप कसा द्यायचा. हे ऐकू येणाऱ्यांना पटकन लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं व्हॉट्सॲप आहे ना, टाका मेसेज. आमच्या काकांनी टाकला होता, "देवाज्ञा झाली, अंत्ययात्रा राहत्या घरून निघेल". बाबांच्या एका मित्राने मला उलट व्हिडिओ पाठवला, देवाने काय ऑर्डर दिली? थट्टा नव्हती ती. त्या पिढीला शाळेत ओठ वाचायला आणि बोलायला शिकवण्यातच वर्षं गेली. १८८० साली इटलीत मिलानला शिक्षकांची एक परिषद भरली, तिथे ठरलं की मुलांना बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद, आणि त्याचे चटके शंभर वर्षं जगभरच्या शाळांना बसले. साईन शिकले ते मधल्या सुट्टीत एकमेकांकडून. मराठी त्यांची शिकलेली भाषा, तीही अर्धवट शिकवलेली, त्यात आपण मरण सरळ लिहीत नाही, गेले, निवर्तले, कैलासवासी झाले, देवाघरी गेले. गेले कुठे? साईनमध्ये असला आडपडदा नसतो. म्हणून लेखी मेसेज टाकाच पण त्याबरोबर मिनिटभराचा साईनमधला व्हिडिओ टाका, उजेडाकडे तोंड करून, कोण वारलं, किती वाजता, कुठून, स्मशानाचं कुठलं गेट, आणि खाली लोकेशन.

आणि थोडं थांबा. डेफ लोकांची नाती एका बिल्डिंगमध्ये नसतात, ती विरार, कल्याण, पनवेल अशी पसरलेली असतात. बाबांचे निम्मे दोस्त लोकलच्या अपंगांच्या डब्यात झालेले, ठरलेल्या गाडीला ठरलेल्या डब्यात भेटायचे, गप्पा संपल्या नाहीत तर प्लॅटफॉर्मवर उतरून उभे. हीच त्यांची भावकी. चुलत्याच्या मेहुण्यासाठी आपण तासभर बॉडी ठेवतो, मग यांच्यासाठी का नाही?

आईच्या वेळी काय केलं ते सांगते, बाकी तुम्ही तुमचं जुळवा. गुरुजी आले तेव्हा निघण्याआधी दहा मिनिटं दादा, इंटरप्रिटर आणि ते एका बाजूला बसले. गुरुजी आधी कुरकुरले, मुहूर्ताचं काय वगैरे, मग स्वतःच रमले, एकेक विधी का करतात ते सांगायला लागले. दादाला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं की मडक्यातून पाणी का सांडतात. पिंड, अश्मा, तिलांजली असले शब्द इंटरप्रिटरलाही नवीन असतात, तिलाही ही दहा मिनिटं लागतातच. मग ठरलं की स्मशानात ती दादाच्या शेजारी नाही, गुरुजींच्या शेजारी उभी राहील, म्हणजे दादाची मान एकाच दिशेला. फेऱ्यांच्या वेळी ती पुढे, तिरडीच्या पलीकडून त्याला दिसेल अशी, आणि पाठीवर एक थाप म्हणजे चाल, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे टाक मडकं. काकांनीच थापा मारल्या. हो, तेच काका.

इंटरप्रिटरने गडद निळा कुर्ता घातला होता. आत्या कुजबुजली, पांढरा नाही का? गडद एकरंगी कपड्यावर हात नीट दिसतात, एवढंच कारण. संध्याकाळ होणार होती म्हणून आम्ही चार्जिंगचा एक मोठा दिवा नेला होता. गुरुजींना तोंडावरचा रुमाल काढायला सांगितलं. आणि यावेळी मी गेले स्मशानात. आत्याने काही म्हटलं नाही. मी मागे उभी राहून भरपूर रडले, हात दोन्ही खाली सोडून, काही न सांगता.

विद्युतदाहिनी होती यावेळी. तिथे वेगळी भानगड, सगळं फार पटकन होतं, ट्रॉली आत गेली, दार पडलं, संपलं. त्यामुळे दार पडायच्या आधी थांबवून सांगा, आता दार बंद होणार, परत उघडणार नाही, शेवटचं बघून घे. दादाने विचारलं, आज आवाज येणार का तो? इंटरप्रिटरने सांगितलं, नाही, इथे नसतो.

आमच्याकडे हिंदू पद्धत म्हणून हे असं, पण बाकीच्यांनाही थोडंफार लागू पडतं. जनाज्याच्या नमाजात चार तकबीर, म्हणजे चारदा 'अल्लाहू अकबर' म्हणणं असतं आणि रुकू-सजदा, म्हणजे वाकणं आणि कपाळ टेकणं नसतं, म्हणजे बघून कळायलाही फार काही नाही, तेव्हा शेजारच्याने हळूच कोपर लावला तरी पुरतं. चर्चमध्ये इंटरप्रिटर मागच्या बाकावर नको, फादरच्या बाजूला हवा.

शोकसभेबद्दल मात्र सांगायलाच हवं. खुर्च्या आपण शाळेसारख्या एकामागे एक लावतो. अर्धगोल लावा, डेफ माणसाला बोलणारा दिसला पाहिजे आणि शेजारचाही. आणि ती दोन मिनिटं शांतता. सगळे मान खाली घालतात, डोळे मिटतात, आणि संपली हे कसं कळतं? कुणीतरी ओम शांती म्हणतं. बाबांच्या सभेत आई मान खाली घालून बसलेली आणि बाकीचे कधीच खुर्च्या सरकवून चहाकडे गेलेले. आईच्या सभेत आम्ही ट्यूबलाइट दोनदा चालूबंद केली, झालं काम.

पण मला खरं आश्चर्य वाटलं ते पुढे. काका बोलले, आत्या बोलली, ते साईनमध्ये गेलं. मग आईच्या मैत्रिणी उठल्या आणि आता इंटरप्रिटर त्यांच्या हातांचं मराठीत बोलायला लागली. म्हणजे त्या हॉलमध्ये आता आमच्या नातेवाइकांना इंटरप्रिटरची गरज होती. साठ वर्षं ज्या वहिनीला ते बिचारी, शांत, गरीब गाय समजत होते ती डब्यात टीसीची अशी नक्कल करायची की बायका पोट धरून हसायच्या, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आईचं साईनमधलं नाव काय होतं, कपाळावर दोन बोटं टेकवून खाली ओढायची, मोठ्या कुंकवावरून पडलेलं, तेही काकांना माहीत नव्हतं. हॉलमधल्या तीसचाळीस जणांनी एकदम ती खूण केली तेव्हा काकांनीही केली, जरा चुकीचीच.

हॉल साडेआठपर्यंतच होता. वॉचमनने दिवे बंद करायला सुरुवात केली, आणि दिवे गेले की आमच्या लोकांचं बोलणं बंद, म्हणून सगळी गर्दी खाली रस्त्यावर दिव्याच्या खांबाखाली जाऊन उभी राहिली. डेफ लोकांचा निरोप म्हणजे तास धरून चाला. इंटरप्रिटर तिची गाडी पकडायला निघून गेली होती. तिकडे हसणं चाललं होतं, हात नुसते उडत होते, आणि काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, काय गं, काय म्हणतायत एवढं?

मी म्हटलं, थांबा काका, नंतर सांगते.

मग जीभ चावली आणि तिथेच उभी राहून पहिल्यापासून सांगायला लागले.