सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा बातमीदार

(दृश्य: विदर्भातलं कापसाचं शेत. वेचणीला वाकलेल्या बायका.)

२००६ साल. मुंबईत एक मोठा फॅशन वीक भरला होता आणि तो टिपायला ५१२ पत्रकारांना प्रवेशपत्रं मिळाली होती. त्या वर्षी तिथे सुती कपड्यांची चलती होती. तो कापूस जिथे पिकतो तो विदर्भ मुंबईपासून विमानानं तासाभराच्या अंतरावर. तिथे शेतकरी जीव देत होते, आणि बाहेरून जाऊन त्याची बातमी करणारे पत्रकार बोटांवर मोजावेत इतके होते. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले पालागुम्मी साईनाथ यांनी.

साईनाथ मूळचे मद्रासचे, जन्म १९५७ चा. दिल्लीच्या जेएनयूत इतिहास शिकले, १९८० मध्ये यूएनआय वृत्तसंस्थेत लागले. पुढे मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात परराष्ट्र घडामोडींचं काम आणि डेप्युटी एडिटरचं पद. तिथवरची वाट तशी सरळ होती.

१९९१ नंतर देशाच्या अर्थकारणानं वळण घेतलं. शेअर बाजाराचं पान जाड होत गेलं आणि खेडं पानावरून जवळपास दिसेनासं झालं. १९९३ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकाची फेलोशिप त्यांना मिळाली. मुलाखतीत एका संपादकानं विचारलं, आमच्या वाचकांना यात रसच नसेल तर? साईनाथ यांनी उलट विचारलं, तुमच्या वाचकांना तुम्ही शेवटचं कधी भेटला होतात?

मग ते निघाले. ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि तामिळनाडू, या पाच राज्यांतले सगळ्यात गरीब जिल्हे. मिळेल त्या वाहनानं प्रवास, आणि पाच हजार किलोमीटर तर पायीच. मुक्काम मुद्दाम शेतीची कामं नसतात त्या दिवसांत. हाताला काम नसताना माणसं जगतात कशी, हे त्यांना पाहायचं होतं. दीड वर्षात त्यांचे ८४ वृत्तांत छापून आले.

त्यातला एक आजही अंगावर येतो. ओरिसातल्या खरियार भागात गाईगुरांची जात सुधारायची म्हणून सरकारी योजना आली. जर्सीचं वीर्य आणलं, आणि संकर बिघडू नये म्हणून गावोगावचे गावठी वळू खच्ची केले. दोन कोटी रुपये गेले. हाती आली आठ खुरटी वासरं, आणि खरियारचा नावाजलेला काटक बैल त्या मुलखातून संपला. योजना करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गावातल्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच.

हे लेखन १९९६ मध्ये पुस्तकरूपानं आलं. ‘दुष्काळ आवडे सर्वांना’ या नावानं ते मराठीतही वाचलं गेलं.

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक घर. भिंतीवर हार घातलेली तसबीर.)

२००४ पासून दहा वर्षं साईनाथ ‘द हिंदू’चे ग्रामीण घडामोडींचे संपादक होते. विदर्भात ते घराघरांत जाऊन बसले. इथे थोडं थांबायला हवं, कारण त्यांचं सगळ्यात मोलाचं काम इथलं आहे. आत्महत्या झाली की सरकारदरबारी ती मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरायचं. जमीन कुणाच्या नावावर? कर्ज बँकेचं की विनापरवाना सावकाराचं? बटाईनं कसणारा बाद. वडील हयात असताना सगळं शेत ओढणारा थोरला मुलगा बाद. आणि जन्मभर रानात राबलेली बाई गेली, तर सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून ती शेतकरीच नाही. साईनाथ यांनी ही गाळणी उघड्यावर आणली. अर्थशास्त्रज्ञ के. नागराज यांनी सरकारच्याच गुन्हे नोंदींवरून हिशेब मांडला होता: १९९७ ते २००५ या काळात सुमारे दीड लाख शेतकऱ्यांच्या आत्महत्या. साईनाथ यांनी तो देशापुढे ठेवला.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर त्यांनी आपल्याच व्यवसायाकडे बोट दाखवलं. एकमेकांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत एकाच नेत्याचं गुणगान शब्दन् शब्द तेच छापलं गेलं होतं. ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, पुढे प्रेस कौन्सिलला समिती नेमावी लागली.

हे सगळं चालू असताना शिकवणंही चालूच होतं. मुंबईच्या सोफिया पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं, चेन्नईच्या एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझममध्ये, आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातही. २००७ चा मॅगसेसे, २०२१ चा जपानचा फुकुओका, असे परदेशी सन्मान त्यांनी स्वीकारले. पण त्याच २०२१ मध्ये आंध्र प्रदेश सरकारचा पुरस्कार नाकारला. ज्या सरकारांवर पत्रकार लिहितो, त्यांच्याकडून त्यानं बक्षीस घेऊ नये, ही त्यांची भूमिका. या भूमिकेचं मोल पुरस्कारांहून जास्त आहे, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: जातं. दोन बायकांचे हात. ओवी ऐकू येते.)

डिसेंबर २०१४ मध्ये त्यांनी ‘पारी’ उभी केली: पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ग्रामीण भारताची नोंद ठेवणारी वेबसाइट. ती मराठीतही वाचता येते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या लाखभर जात्यावरच्या ओव्यांपैकी कितीतरी आज तिथे ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बायकांच्या नावांसह.

२०२२ मध्ये साईनाथ यांचं स्वातंत्र्यसैनिकांवरचं पुस्तक आलं. त्यात कुंडलचे कॅप्टन भाऊ आहेत, शेणोलीजवळ इंग्रजांच्या पगाराची गाडी लुटणारे. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक हौसाबाई आहेत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी नवरा-बायकोच्या मारहाणीचं सोंग वठवलं, पोलीस तिकडे धावले आणि साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या.

आणि पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या भवानी महातो आहेत. १९४२ च्या आंदोलनात नवरा तुरुंगात गेला, तो सरकारी कागदांवर स्वातंत्र्यसैनिक ठरला. मागे त्यांनी शेत कसलं, सगळ्या गोतावळ्याला जेवू घातलं आणि रात्री जंगलातून येणाऱ्या भूमिगतांसाठीही रांधलं. साईनाथ भेटले तेव्हा त्या ठासून सांगत होत्या, लढ्याशी माझा काही संबंध नाही, मी फक्त स्वयंपाक केला. पुस्तकात त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण आहे.