सुपरमॅनचा चेहरा कोणी काढायचा?

नमस्कार, श्रोतेहो.

कॉमिकमधल्या महानायकांची व्यक्तिचित्रे केवळ हौसेने काढणाऱ्यांशी, म्हणजे ज्याला सगळीकडे फॅन आर्ट म्हणतात ते करणाऱ्यांशी, आज बोलायचे आहे. पेन्सिल कोणती घ्यावी, चेहऱ्याची प्रमाणे कशी मोजावीत, हे आपण जाणताच. त्यात वेळ घालवत नाही. प्रश्न निराळा आहे. एरवी व्यक्तिचित्रासाठी समोर माणूस बसलेला असतो आणि चित्र साधले की नाही हे त्याच्याकडे पाहून ठरते. सुपरमॅन कोणासमोर कधी बसलेला नाही. मग त्याचे चित्र हुबेहूब उतरले असे आपण म्हणतो, तेव्हा ते नेमके कोणासारखे उतरलेले असते?

या पेचातून सुटण्यासाठी काही जण चित्रपटातील नटाचे छायाचित्र समोर ठेवतात. त्यात गैर काहीच नाही. पण तयार होते ते त्या नटाचे चित्र, आणि खांद्यावर केप चढवल्याने त्यात फरक पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. असो.

आता एक हकिकत ऐका. सुपरमॅन घडवणारे लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर या दोन तरुणांनी 1938 मध्ये त्याचे हक्क 130 डॉलरना विकले आणि हक्कांबरोबर त्याचा चेहराही प्रकाशकाच्या ताब्यात गेला. शुस्टर यांच्या सुपरमॅनचे डोळे पुष्कळदा दोन बारीक रेघांवर भागवलेले असत. पुढे अनेकांच्या हातून तो चेहरा घोटीव होत गेला, आणि 1970 च्या सुमारास कर्ट स्वान काढत असलेला शांत, सभ्य चेहरा प्रमाण मानला जात होता. त्याच वर्षी जॅक कर्बी मार्व्हल ही कॉमिक प्रकाशन संस्था सोडून डीसीकडे, म्हणजे सुपरमॅनच्या प्रकाशकाकडे आले. कर्बी म्हणजे 1941 मध्ये जो सायमन यांच्यासह कॅप्टन अमेरिका घडवणारे आणि स्टॅन ली यांच्या जोडीने 1961 मध्ये फँटास्टिक फोर, 1962 मध्ये हल्क उभा करणारे चित्रकार. डीसीत त्यांनी सुरुवात केली ती सुपरमॅनचा तरुण मित्र जिमी ओल्सन याच्या मालिकेपासून, आणि त्या मालिकेत सुपरमॅनही येणारच होता. कर्बींनी तो आपल्या पद्धतीने काढला. ठसठशीत रेघ, चौकोनी जबडा, बोटांची टोकेसुद्धा चौकोनी, आणि पानातून थेट वाचकाच्या अंगावर येणारी मूठ.

प्रकाशकांना तो चेहरा आपल्या सुपरमॅनचा वाटला नाही. म्हणून आधी अल प्लॅस्टिनो आणि नंतर मर्फी अँडरसन यांच्याकडून सुपरमॅनचे चेहरे नव्याने काढून घेण्यात आले. नीट ऐका, श्रोतेहो: चेहरे बदलले, शरीरे कर्बींचीच राहिली. ते अंक पाहिले, तर खांदे आणि हात कर्बींच्या आवेशाने पुढे झेपावताना दिसतात, आणि त्यांवर एखाद्या बैठकीत शोभेल असा नीटनेटका, शांत चेहरा बसवलेला असतो. महानायक कसा दिसतो हे ज्या माणसाने एका पिढीला शिकवले, त्याला सुपरमॅनचा चेहरा जमत नाही असे ठरले!

प्रकाशकाची अडचण मी समजू शकतो, कारण वेगवेगळ्या मालिकांत एकच पात्र एकसारखे दिसावे लागते. हौशी चित्रकारावर मात्र ही सक्ती नाही. कपाळावरची वळलेली बट, छातीवरचे चिन्ह आणि काळ्या केसांत जुन्या छपाईतून आलेली निळी झाक एवढे सांभाळले, की सुपरमॅन ओळखू येतो. बॅटमॅनला टोकदार कान आणि बुबुळांविना पांढरे डोळे पुरतात. ओळखीच्या या खुणा सांभाळा आणि बाकीचा चेहरा आपला आपण ठरवा. पुन्हा सांगतो, खुणा त्यांच्या, चेहरा आपला. चित्रे विकण्याचा विचार असेल, तर मात्र हक्कांची चौकशी आधी करावी.

स्पायडरमॅनचे प्रकरण वेगळे आहे, कारण स्टीव्ह डिट्को यांनी 1962 मध्ये त्याचा चेहरा पूर्णच झाकून टाकला. येथे डोक्याची गोलाई जाळ्यातूनच दाखवावी लागते. दोन डोळ्यांच्या मधोमध एक बिंदू घ्यावा, तेथून निघणाऱ्या रेघा कवटीच्या उंचवट्यावरून वळवत न्याव्यात, आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या धाग्यांचा झोक त्या बिंदूकडे ठेवावा. पट्टीने ओढलेले सरळ जाळे डोके सपाट करून टाकते. जाळ्यावर शाई फिरवण्याआधी डोळ्यांचे आकार पक्के करावेत. त्या मुखवट्याला भुवया नाहीत, ओठ नाहीत, त्यामुळे राग, दचकणे, थकवा, जे काही दाखवायचे ते त्या दोन पांढऱ्या आकारांच्या कडांमधूनच दाखवावे लागते. नमस्कार.