गुलाबी कागदावरची कपबशी

(स्टीलचा डबा. आत दोन चिठ्ठ्या.)

प्रभागातल्या 'ब' जागेसाठी दोन छोट्या पक्षांच्या उमेदवारांनी कपबशी हेच चिन्ह मागितलं, म्हणून चिठ्ठी काढायला हा डबा हलतोय.

पुणे, 3 जानेवारी 2026. महापालिका निवडणुकीच्या चिन्हवाटपाचा दिवस. कमळ, पंजा, घड्याळ, मशाल यांना या डब्याशी देणंघेणं नाही, त्यांची चिन्हं राखीव. इथे बाकावर ताटकळलेत ते नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे लोक. त्यांच्या वाट्याला मुक्त, म्हणजे कुणासाठीच राखीव नसलेली चिन्हं, आणि तीसुद्धा आज.

पुण्याचा प्रभाग दर निवडणुकीला बदलत आलाय. 2002 साली तीन नगरसेवकांचा, 2007 ला एकाचा, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा. यंदाही चौघांचाच, एका प्रभागात तर पाच. मुंबईत मात्र 227 प्रभाग आणि प्रत्येकी एकच नगरसेवक. एवढा मोठा प्रभाग पायी फिरणाऱ्या पक्षाची दमछाक होतेच, पण खरी मेख पुढे आहे. प्रभागातल्या अ, ब, क, ड या चार जागा म्हणजे चार वेगवेगळ्या निवडणुका धरल्या जातात, म्हणून मुक्त चिन्हही जागेगणिक वेगळं ठरतं. मोठा पक्ष दारात येऊन एकच वाक्य सांगतो, चारही बटणं आमचीच दाबा.

(चिठ्ठी उघडते.)

कपबशी गेली. आता अ, क, ड मध्ये आमच्या चौघांच्या पॅनेलची कपबशी, आणि ब मध्ये शिवणयंत्र. त्याच ब मध्ये कपबशी आहेच, पण ती समोरच्याची.

छापखाना, रात्रीचे साडेअकरा. तीन कपबश्या आणि एक शिवणयंत्र एका पत्रकात बसवायचंय. प्रचाराला उरलेत दहा दिवस.

चिन्हाच्या गोंधळाने काय होतं, ते साताऱ्याने 2024 च्या लोकसभेला पाहिलं. तुतारीवाल्या उमेदवाराचा पराभव 32,771 मतांनी झाला आणि तिच्याशी गल्लत झालेल्या पिपाणी या दुसऱ्याच चिन्हाला 37 हजारांवर मतं पडली. तेव्हा मोठा पक्ष भरडला गेला, म्हणून राज्यभर बोभाटा झाला. प्रभागातल्या छोट्या पक्षाचं कोण ऐकणार? एका पक्षाच्या चारही उमेदवारांना एकच चिन्ह द्या, आणि ते अर्ज भरण्याआधी द्या. आमची मागणी एवढीच आहे.

(वस्तीतली गल्ली. खुर्चीवर पुठ्ठ्याचं मतदान यंत्र.)

यंत्रावरचे मतपत्रिकेचे कागद: अ पांढरा, ब फिकट गुलाबी, क फिकट पिवळा, ड फिकट निळा. चारही मतं दिल्याशिवाय यंत्र वाजत नाही.

"आजी, पांढऱ्यावर कपबशी. गुलाबीवर नाही हं, तिथे शिवणयंत्र."
"कपबशी म्हणालास ना मघाशी?"
"ती बाकीच्या तिन्हीकडे, आजी."

(इथे निवेदन नाही. आजींचं बोट.)

15 तारखेला मतदान झालं, 16 ला मोजणी. चौघेही पडले.

पत्रकांचे हे गठ्ठे अजून जिन्याखाली आहेत.